सलाइनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं

पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा वर्ग इतर कॉलेजांतल्या वर्गांसारखा दिसत नाही. बाकांवर बसलेल्या विद्यार्थिनींचा जीएनएमचा डिप्लोमा केव्हाच झालेला असतो, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झालेली असते. कुणाची आयसीयूत दहा वर्षं गेलेली असतात, कुणी ग्रामीण रुग्णालयात नाइट ड्युटीला एकटीनं बाळंतपणं निभावलेली असतात. घरी कुणाचा मुलगा दहावीला असतो, कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात. दोन वर्षांच्या या पदवीसाठी त्यांनी रजेचे अर्ज, घरातली बोलणी आणि फीची जुळवाजुळव असं सगळं पार केलेलं असतं. रक्त, किंकाळी, मरण यांपुढे न डगमगणाऱ्या या बायका वेळापत्रकातल्या एका तासापाशी मात्र थबकतात. तो तास असतो बायोकेमिस्ट्रीचा.

या भीतीला कारण आहे, आणि ते बुद्धीत नाही, प्रवेशाच्या नियमांत आहे. बारावीनंतर थेट बीएस्सी नर्सिंगला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. जीएनएमला मात्र कुठल्याही शाखेची बारावी चालते. त्यामुळे आर्ट्स करून नर्स झालेल्या कितीतरी जणींची रसायनशास्त्राशी शेवटची गाठ दहावीच्या बोर्डात पडलेली असते. मध्ये पंधरा-वीस वर्षं गेलेली. त्यातून शिक्षण मराठी माध्यमातून झालं असेल तर आम्ल, आम्लारी, संयुजा ही ओळखीची मंडळी आता इंग्रजी नावांनी समोर येतात. शिकवणारी प्राध्यापिका बहुतेकदा वयानं लहान असते. तिला 'मॅडम' म्हणायचं आणि तिनं आपल्याला 'सिस्टर' म्हणायचं, हेही अंगवळणी पडायला वेळ लागतो.

उशिरा शिकायला येणं या पेशात नवं नाही. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांचं सेवासदन सुरू झालं. तिथे आलेल्या कित्येक स्त्रिया संसाराचे चटके सोसून मोठेपणी अक्षरांकडे वळल्या होत्या, आणि त्यांतल्याच काही ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकल्या. महाराष्ट्रातल्या नर्सिंगच्या मुळाशी अशा प्रौढ विद्यार्थिनी आहेत. आजच्या वर्गात चाळिशीतल्या सिस्टरला आपण इथे उपरे आहोत असं वाटतं तेव्हा हा इतिहास तिला कुणीतरी सांगायला हवा.

पण धीर दिल्यानं केमिस्ट्री सुटत नाही. माझं म्हणणं असं, की या विद्यार्थिनीला रसायनशास्त्र उलट्या दिशेनं शिकवायला हवं. पाठ्यपुस्तक अणूपासून निघतं, मग रेणू, मग बंध, मग द्रावणं, आणि पेशंटपर्यंत पोचेस्तोवर सहामाही उलटते. अठरा वर्षांच्या मुलीला ती वाट ठीक आहे, कारण तिनं पेशंट पाहिलेलाच नसतो. हिनं तो हजारदा पाहिला आहे. हिच्या हातांना उत्तरं पाठ आहेत, फक्त प्रश्न कुणी विचारलेले नाहीत. म्हणून सुरुवात करावी ती स्टँडवर टांगलेल्या बाटलीपासून.

नॉर्मल सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलीमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, लिटरमध्ये ९ ग्रॅम. त्याच लेबलवर खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते: सोडियम १५४, क्लोराइड १५४ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर. ९ ग्रॅमचे १५४ कसे झाले, हा रसायनशास्त्राचा पहिला धडा. त्याचं उत्तर कळलं की 'मोल' नावाचा बागुलबुवा संपतो.

दानपेटीतली सुटी नाणी मोजायची असली, तर एकाच किमतीची नाणी वेगळी काढून पोतं काट्यावर ठेवतात. एका नाण्याचं वजन ठाऊक असलं की एकूण वजनावरून संख्या निघते. रसायनशास्त्र हेच करतं. कण इतके सूक्ष्म आहेत की ते मोजता येत नाहीत, तोलता येतात. सोडियम क्लोराइडच्या एका मोलचं वजन ५८.५ ग्रॅम. मग ९ ग्रॅम म्हणजे ९ भागिले ५८.५, म्हणजे ०.१५४ मोल, म्हणजेच १५४ मिलिमोल. पाण्यात पडल्यावर मिठाचा प्रत्येक जोड सुटतो आणि एक सोडियम, एक क्लोराइड असे दोन आयन होतात; प्रत्येकावर एकच भार असल्यानं मिलिमोलचा आकडा तोच मिलिइक्विव्हॅलंटचा. दोन्ही धरून झाले ३०८ मिलिमोल कण. लेबलवर ऑस्मोलॅरिटीपुढे ३०८ हाच आकडा असतो. रक्तातल्या पाण्याचा असाच आकडा २९०च्या आसपास असतो, म्हणून सलाइन शिरेत गेलं तरी लाल पेशी ना फुगतात, ना आकसतात. नुसतं डिस्टिल्ड वॉटर शिरेतून का लावायचं नाही, हे वॉर्डात पहिल्याच महिन्यात सांगितलेलं असतं. त्याचं कारण या एका भागाकारात आहे.

आता पोटॅशियमकडे. नर्सला केमिस्ट्री का हवी याचा याहून ठोस पुरावा मला माहीत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलीचं अँपूल प्रत्येक सिस्टरच्या ओळखीचं. ते वेगळ्या कप्प्यात ठेवायचं, शिरेत थेट कधीही ढकलायचं नाही, डायल्यूट केल्याशिवाय हातच लावायचा नाही, हे नियम तिला झोपेतही आठवतात. त्या अँपूलवर १५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे १० मिलीत १.५ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइडच्या मोलचं वजन ७४.५ ग्रॅम. १.५ भागिले ७४.५ म्हणजे २० मिलिमोल. अँपूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात, हे पाठ असलेलं वाक्य असं तयार झालं.

पुढचा हिशोब जास्त महत्त्वाचा. मोठ्या माणसाच्या रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, साधारण ३ लिटर. त्यात पोटॅशियम लिटरमागे ४ मिलिइक्विव्हॅलंट. तीन चोक बारा. साऱ्या प्लाझ्मात मिळून पोटॅशियम १२, आणि हातातल्या इवल्याशा अँपूलमध्ये २०! ते एका दमात शिरेत गेलं, तर शरीरभर पसरण्याआधी हृदयापाशी पोचणाऱ्या रक्तात काय होईल हे वेगळं सांगायला नको. 'थेट देऊ नका' हा नियम कुणा वरिष्ठाचा दरारा म्हणून पाळला जात असेल, तर गडबडीच्या रात्री तो निसटू शकतो. बारा आणि वीस हे आकडे ज्या बाईनं स्वतः कागदावर मांडले आहेत, तिच्या हातून तो निसटणं फार अवघड आहे.

गंमत अशी, की शरीरात पोटॅशियमची टंचाई मुळीच नसते. एकूण साठा साडेतीन हजार मिलिइक्विव्हॅलंटच्या घरातला. पण त्यातला ९८ टक्के पेशींच्या आत कोंडलेला असतो. पेशीच्या आत लिटरमागे १४०, बाहेर ४. हा फरक टिकवायला पेशी रात्रंदिवस ऊर्जा खर्च करते, आणि हृदयाचा ठोका याच फरकावर चालतो. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की वॉर्डातल्या कितीतरी गोष्टी एकदम जागेवर बसतात. लॅबमधून फोन येतो, 'सिस्टर, सॅम्पल हिमोलाइज झालंय, परत पाठवा.' बारीक सुईनं जोरात ओढलं की लाल पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि रिपोर्ट खोटाच वर जातो. डायबेटिक कीटोअॅसिडोसिसच्या पेशंटला इन्सुलिनची ड्रिप चालू केली, साखर उतरायला लागली, की डॉक्टर सलाइनमध्ये पोटॅशियम घालायला सांगतात, जरी सकाळचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी. कारण इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशीत ढकलतं आणि रक्तातला आकडा घसरतो. उलट पोटॅशियम फार चढलेलं असताना डेक्स्ट्रोजसोबत इन्सुलिन देतात, तेही याच कारणासाठी. त्याच्या आधी दिलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट पोटॅशियम तसूभरही कमी करत नाही, ते फक्त हृदयाला तेवढ्या वेळापुरतं सावरून धरतं. आयसीयूतल्या सिस्टरनं ही दोन्ही औषधं अनेकदा एकामागोमाग दिलेली असतात. ती दोन वेगवेगळी कामं करतात, हे मात्र पुष्कळदा पुस्तक उघडल्यावरच तिच्या लक्षात येतं.

आणि आता ओआरएसचं पाकीट पाहा. एक लिटर पाण्यासाठीच्या, २००२ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. तेच १.५ ग्रॅम, जे त्या अँपूलमध्ये होतं. शिरेत एकदम गेलं तर हृदय थांबवणारी मात्रा लिटरभर पाण्यातून घोटाघोटानं पोटात गेली की जुलाबानं खंगलेल्या माणसाची झीज भरून काढते. पदार्थ तोच, वजन तेच. फरक पडतो तो किती पाण्यात, किती वेळात आणि कुठल्या वाटेनं यानं. रसायनशास्त्रात 'कॉन्सन्ट्रेशन' हे प्रकरण का असतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला दिसत नाही.

ओआरएसमधल्या ग्लुकोजचंही असंच. ते ताकदीसाठी असतं असं सर्रास समजलं जातं. खरं तर आतड्याच्या पेशीच्या भिंतीवर एक प्रथिन असतं. ते ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनंच आत घेतं, आणि मागोमाग पाणी जातं. कॉलरामध्ये बाकी सगळं बिघडलं तरी हे दार चालू राहतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत कालवून पेशंटच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. तिथला मृत्यूदर ३० टक्क्यांच्या आसपासचा चार टक्क्यांच्या खाली आला. हे काम डॉक्टरांच्या नावे नोंदलं गेलं, आणि ते योग्यच आहे. पण ते पाणी पेशंटला पाजलं ते आया-बहिणींनी, हेही नर्सिंगच्या वर्गात सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

यानंतरची पायरी पीएचची. इथे बहुतेकींचा खरा शत्रू केमिस्ट्री नसून गणित असतं. लॉग म्हटलं की पुस्तक मिटतं. सोरेन सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ मध्ये हे मोजमाप आणलं, ते लांबलचक शून्यांपासून सुटका व्हावी म्हणून. रक्तात हायड्रोजन आयन लिटरमागे फक्त ४० नॅनोमोल असतात, सोडियमच्या तुलनेत ३५ लाख पट कमी. तेवढ्याला पीएच ७.४ म्हणतात. नर्सला लॉगचं टेबल पाठ करायची गरज नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी भागतं: पीएच ०.३ नं उतरला की आम्ल दुप्पट होतं. ७.४ ला ४०, ७.१ ला ८०. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या, म्हणजे एबीजीच्या कागदावर ७.४ आणि ७.१ हे आकडे शेजारी शेजारी वाटतात, आणि अननुभवी माणूस तिथेच फसतो. ७.१ म्हणजे दुप्पट आम्ल, हे कळलेली सिस्टर फोन उचलायला वेळ लावत नाही.

याच कागदावर बायकार्बोनेट २४ आणि कार्बन डायऑक्साइड ४० असतात. कार्बन डायऑक्साइडला ०.०३ नं गुणलं की रक्तात विरघळलेला भाग मिळतो, १.२. चोवीस भागिले १.२ म्हणजे २०. हेंडरसन आणि हॅसलबाल्क यांच्या नावाचं ते भीतिदायक समीकरण या विसास एक प्रमाणापलीकडे फारसं काही सांगत नाही. प्रमाण २० असेल तर पीएच ७.४. कीटोअॅसिडोसिसमध्ये बायकार्बोनेट १२ वर आलं, तर प्रमाण १० होतं आणि पीएच ७.१. पण पेशंट खोल, भराभर श्वास घेऊ लागतो. ॲडॉल्फ कुसमॉल या जर्मन डॉक्टरानं १८७४ मध्ये वर्णिलेला हाच तो श्वास. त्यानं कार्बन डायऑक्साइड २५ पर्यंत उतरतो, प्रमाण १६ वर येतं आणि पीएच ७.३ पर्यंत सावरतो. पेशंट धापा टाकतोय असं नातेवाइकांना वाटतं. प्रत्यक्षात तो श्वासावाटे आम्ल बाहेर फेकत असतो. अशा पेशंटला व्हेंटिलेटरवर घेतलं आणि रेट नेहमीचाच ठेवला, तर त्याची ही एकमेव सोय काढून घेतल्यासारखं होतं. ही गोष्ट जिनं बेडशेजारी उभं राहून पाहिली आहे तिला समीकरण एका तासात समजतं. न पाहिलेल्याला ते वर्षभर पाठ करावं लागतं.

रक्ताच्या नळ्यांबद्दल थोडक्यात. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए आणि निळ्या झाकणातलं सायट्रेट दोन्ही रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतात. कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. करड्या झाकणातलं फ्लोराइड पेशींचं साखर खाणं थांबवतं, म्हणून शुगरचं सॅम्पल त्यात. जांभळ्या नळीतलं जास्तीचं रक्त साध्या नळीत ओतून 'चालवून घेतलं' तर रिपोर्टमध्ये कॅल्शियम खोटंच पडतं आणि पोटॅशियम खोटंच चढतं, कारण नळीतलं ईडीटीए सहसा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं.

रिंगर लॅक्टेट, म्हणजे आरएलच्या बाटलीतही कॅल्शियमच आहे. सिडनी रिंगर हे लंडनचे डॉक्टर १८८०च्या दशकात बेडकाचं काढलेलं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडतं ठेवण्याचे प्रयोग करत होते. नळाचं पाणी वापरलेल्या द्रावणात हृदय चालत राही, डिस्टिल्ड पाण्यात मात्र मंदावे. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, हे त्यांनी शोधून काढलं आणि ते द्रावणात मुद्दाम घातलं. लॅक्टेटची भर १९३०च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अॅलेक्सिस हार्टमन यांनी घातली. या बाटलीतल्या कॅल्शियममुळेच रक्ताची पिशवी नॉर्मल सलाइनसोबत लावायची, आरएलसोबत नाही: पिशवीतल्या सायट्रेटनं अडवून ठेवलेलं गोठणं बाहेरच्या कॅल्शियमनं पुन्हा सुरू होऊ शकतं. सेफ्ट्रिअॅक्सोन आरएलमध्ये मिसळायचं नाही, ते कॅल्शियमशी मिळून न विरघळणारे कण बनवतं. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घालायचं नाही, ते तीव्र अल्कधर्मी द्रावणातच विरघळलेलं राहतं आणि पीएच उतरला की साका धरतं. वॉर्डात हे तीन नियम तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या सिस्टरांकडून कळलेले असतात. रसायनशास्त्रात तिन्हींच्या मागे एकच प्रश्न आहे: काय विरघळलेलं राहील आणि काय नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर बायोकेमिस्ट्रीच्या जाडजूड ग्रंथाआधी नववीचं बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक घ्यावं. त्यातलं 'द्रव्याचे मोजमाप' हे प्रकरण आणि आम्ल-आम्लारी-क्षारांचं प्रकरण, एवढी दोन नीट झाली तरी बरंच अंतर कापलं जातं. घरात त्या वयाचं मूल असेल तर त्याच्या शेजारी बसून गणितं सोडवावीत. वीस वर्षांपूर्वी सुटलेला अपूर्णांकांचा सराव परत यायला महिना-दीड महिना लागतो. तो लागू द्यावा, आणि त्यासाठी स्वतःला कमी लेखू नये. सेंद्रिय संयुगांची लांब नावं पाठ करण्यात पहिले आठवडे घालवणं मला पटत नाही. एन्झाइम, लिपिड, प्रथिनं हे भाग नंतर येतात आणि ते शरीराशी बांधलेले असल्यानं जड जात नाहीत. नाइट ड्युटीहून आल्यावर अभ्यासाला बसू नये. दमलेलं डोकं आकडे उलटसुलट वाचतं, आणि मग आपल्याला गणित जमत नाही असा खोटा निष्कर्ष निघतो.

वर्गात घेण्यासारखं एक उदाहरण देतो. केस पेपरवर लिहिलं आहे: ५०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम क्लोराइड, चार तासांत. म्हणजे एक अँपूल. कॉन्सन्ट्रेशन लिटरमागे ४०. तासाला ५ मिलिइक्विव्हॅलंट, वॉर्डातल्या नेहमीच्या १० च्या मर्यादेच्या आत. तासाला १२५ मिली, आणि मिलीला २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला ४२ थेंब. नुकतीच बारावी विज्ञान झालेली मुलगी हे भराभर मांडेल आणि उत्तर बरोबर येईल. वॉर्डात वर्षं काढलेली सिस्टर कदाचित दुप्पट वेळ घेईल. पण ती अँपूल घातल्यावर बाटली उलटीसुलटी करून नीट मिसळून घ्यायला सांगेल, कारण पोटॅशियमचं द्रावण जड असतं आणि न ढवळता टांगलं तर तळाशी, नळीच्या तोंडाशीच साचतं. आणि पेन उचलण्याआधी ती विचारेल, 'पेशंटला लघवी होतेय ना?' शरीरातलं जास्तीचं पोटॅशियम मुख्यतः मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. लघवी बंद असेल तर वरचं सगळं गणित बरोबर असूनही ती बाटली लावायची नसते. तिनं डॉक्टरांना फोन करायचा असतो.